दोन मशिनींतला फरक

टिंग् करून स्क्रू स्टीलच्या वाटीत पडला आणि दुपारच्या निजलेल्या घरात तेवढा एकच आवाज झाला. सपनाचा हात जागच्या जागी थांबला. खाटेवर कोमल कुशीवर वळली. तोंडातला अंगठा निसटला, आपसूक पुन्हा तोंडात गेला. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंनी, जनकाबाईंनी, डोळे न उघडताच पदर सारखा केला. घर पुन्हा शांत झालं. दिवसातला हा एकच तास सपनाचा होता, भांडी घासून झाल्यापासून लेकरू उठेपर्यंतचा.

उरलेले तीन स्क्रू तिने चिमटीत धरून, आवाज न करता वाटीत ठेवले आणि कम्प्युटरच्या कॅबिनेटचा कडेचा पत्रा मागे सरकवला.

वास आला.

या खेपेला तो जास्तच उग्र होता. आंबूस, खारट, नाकाच्या आत चावा घेणारा; उन्हात आटलेल्या मुतारीसारखा. तिने ओढणी नाकावर घट्ट ओढून घेतली. मशिनींच्या पोटातली घाण तिला काही नवी नव्हती. झुरळांची अंडी, पालीच्या लेंड्या, पंख्याच्या पात्यांवर साचलेला काळा चिकट थर, एकदा तर मदरबोर्डावर वाळक्या पानासारखी चिकटलेली मेलेली पाल. ते सगळं तिने ब्रशने खरवडून काढलं होतं आणि हात धुऊन, त्याच हातांनी संध्याकाळच्या भाकरी थापल्या होत्या. लेकराचं हागणंमुतणं काढणाऱ्या बाईला किळस कसली? पण ही येत होती.

तिने मोबाइलचा उजेड आत धरला. रॅमच्या खाचांमध्ये हिरवट पांढरा क्षार बुरशीसारखा फुलला होता. शेजारी बोर्डावर वाळलेले थेंब, मधोमध फिके आणि कडेला गडद पिवळे. पंधरा दिवसांपूर्वी हीच जागा तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने, स्पिरिट लावून लावून लख्ख केली होती.

मशीन भागवतचं होतं. आखाडा बाळापुरात रस्त्यालगत घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. फॉर्म भरणं, सातबारा काढणं, पीकविम्याचे कागद. हिंगोलीला धर्मसिंग सरांच्या हार्डवेअरच्या क्लासला तो आणि सपना पुढच्या-मागच्या बाकावर बसायचे. सकाळी तो मोटारसायकलवर खोकं बांधून आला, तो खाली न उतरताच बोलला होता.

“सपनाताई, तिसरी खेप हाय ही. चालू केलं की नुसतं बोंबलतं, डिस्प्लेच येत न्हाई. लोकं दारात उभे राहून राहिले.”

“आता न्हाई बिघडणार.”

“मांगच्या टायमाला बी तुमी असंच म्हनल्या.” तो हसला, तो सगळंच हसून बोलायचा. “आता बिघडलं त मी हिंगोलीला टाकीन, राग मानू नका. आन काकाला मी तुमचं नाव देऊन बसलो ना. त्याहिच्या शाळेत वीस कम्प्युटर हायत. काका म्हनतील, तुह्या घरचं एक सुधरंना आन वीसचं काय घेऊन बसला.”

शाळेचं ते काम म्हणजे सपनाला काय होतं, हे भागवतला सांगून कळलं नसतं. तिथे टेबल होतं. खुर्ची होती. दाराला आतून कडी होती. इथे ती जमिनीवर सतरंजी टाकून बसायची, एका बाजूला कोमलची बाहुली, दुसऱ्या बाजूला तांदळाचा डबा; आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की कुणाला तरी पाणी हवं असायचं. नवरा, आयुष, कनेरगाव नाक्याच्या पुढे रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायचा आणि शनिवारी घरी यायचा. तो विचारायचा, “झालं का गं शाळेचं?” आणि ती म्हणायची, “भागवतभाऊ बोलले हायत.” दोन महिने हेच चाललं होतं.

पत्र्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ही सपनाची पद्धत. खरं तर धर्मसिंग सरांची. मशीन उघडलं की तारीख आणि काय सापडलं ते लिहून आत चिकटवायचं, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंधारात चाचपडावं लागत नाही. सर म्हणायचे, जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते घरी ठेवा. चिठ्ठीवर सपनाच्या अक्षरात दोन ओळी होत्या.

“४ मार्च. रॅमचा स्लॉट खराब. हळदीची धूळ व ओल.”

“२६ मार्च. रॅम व कीबोर्ड खराब. लहान मुलाची लघवी.”

पहिल्या ओळीबद्दल तिला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मार्चात या भागात हवाच पिवळी असते. जिकडेतिकडे हळद शिजते, ढोलात घालून पॉलिश होते, दोरीवरच्या कपड्यांना पिवळी भुकटी लागते. पिवळं दिसलं, तिने हळद लिहिलं. वास होता थोडा, पण तो तिने मनावर घेतला नव्हता.

दुसरी ओळ मात्र तिला वाचवेना.

त्या वेळी मशीन दोन दिवस खाटेखाली पडून होतं. कोमल अजून कधी कधी अंथरूण ओलं करायची. सपनाने पत्रा उघडला, हाच वास आला, आणि तिचं डोकं फिरलं. कोमलला दंडाला धरून तिने ओढत आणलं होतं, नाक त्या वासाजवळ नेलं होतं आणि मांडीवर दोन चापटा दिल्या होत्या. चारही बोटं उठली होती. “मी न्हाई केली,” कोमल म्हणत होती, “आई, मी न्हाई केली.” आणि सपनाने खोटं बोलते म्हणून आणखी एक दिली होती. चुलीपुढे जनकाबाई होत्या. त्या एरवी नातीला कुणी डोळे वटारले तरी मध्ये पडायच्या. त्या दिवशी त्यांनी फक्त तव्यावरची भाकरी उलथली.

तेव्हापासून घरात मशीन आलं की कोमल भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि सांगायची, “आई, बघ, मी लांब हाय.”

आज मशीन सकाळी आलं होतं. खोक्याला भागवतने लावलेली चिकटपट्टी तिने आत्ता, स्वतःच्या नखाने सोडवली. कोमल दुपारपर्यंत अंगणवाडीत होती. आली, जेवली, झोपली. सपनाने कॅबिनेट उभं केलं. टाळूवर हवा जायला जाळी होती. जाळीच्या भोकांना पिवळे ओघळ, आणि त्याच्या बरोबर खाली रॅम. थेंब वरून आले होते. उभ्या मशिनीच्या टाळूवर वरून थेंब टाकणं चार वर्षांच्या पोरीला जमणार तरी कसं? हे तेव्हाही दिसत होतं. पाहिलं असतं तर.

ती मागे टेकून बसली. सरांचं दुसरं एक वाक्य होतं. “एका टायमाला एकच चीज बदलायची. दोन बदलल्या की मर्ज कुठं व्हता कळत न्हाई.” भागवतकडे मशिनी दोन होत्या. संक्रांतीच्या आधी एकदमच बसवलेल्या. एकाच टेबलावर, एकाच बोर्डातून वीज घेणाऱ्या, एकाच पंख्याखाली. धूळ तीच, हळद तीच, उंदीर असतील तर तेच. त्यातली एक तीन वेळा मेली आणि दुसरीला काहीही झालं नाही. दुसरी दुकानातून सीलबंद आली होती. भागवतने वायरी लावल्या आणि चालू केली. पहिली सपनाने जुळवून दिली होती. मागच्या खेपेला गेलेला कीबोर्ड, तोही तिनेच नेऊन लावलेला. भिंतीवरचा इंटरनेटचा राउटर तिने बसवला होता, आणि सकाळी भागवत जाता जाता म्हणाला होता की तोही सारखा बंद पडतो.

दोन मशिनींत फरक एकच होता. एकीला सपनाचा हात लागला होता.

तिला ते कळलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते कळेना. ती नुसती हाताकडे बघत बसली. बोटांना क्षाराची पांढरी पूड लागली होती.

“गोमूतर हाय ते,” उंबऱ्यावरून जनकाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

सपनाने मान वळवली.

“तुमाला कवा कळलं?”

“तू पयल्या टायमाला डबा उघडला तवाच. वास काय लपतो व्हय? तू हिंगोलीत वाढली, तुला न्हाई वळखू आला.”

“आन बोलल्या न्हाई, आत्याबाई?”

जनकाबाईंनी डोळे उघडले. समोर बाबासाहेबांच्या फोटोखाली सासऱ्यांचा, रामजींचा, फोटो होता. गवंडीकाम करायचे ते.

“तुझ्या सासऱ्यानं त्याच घराचा गिलावा केला व्हता,” त्या म्हणाल्या. “आठ दिस राबले. शेवटच्या दिशी निघाले, आन थापी ऱ्हायली म्हनून माघारी गेले. ती सुमनबाई, भागवतची माय, भितीवर शिंपडून राहिली व्हती. हात लागल तिथं समदीकडं. हे थापी न घेता आले. रोजची थापी व्हती, बापाची. दुसरी घेतली मंग.”

“आन?”

“आन काय. भिती अजून उभ्या हायत. भीत सोसती, बाई. तुझी मशीन सोसंना.”

सपनाने बोटांवरची पूड चिंधीला पुसली. मग हळूच, लेकरू उठू नये अशा आवाजात म्हणाली, “कोमलला मारलं मी त्या दिवशी. तुमच्या डोळ्यांदेखत. तुमी भाकर उलथली.”

“सांगितलं आसतं त तू तवाच मशीन नेऊन त्याच्या दारात आदळली आसती. शाळेचं काम गेलं आसतं.” जनकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “म्हनलं, दोन चापटा लेकरू इसरतं.”

कोमल झोपेत काहीतरी पुटपुटली. सपना उठली, मोरीवर गेली आणि साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले. वास बोटांवर नव्हता, नाकात होता. आणि त्या वासाबरोबर एकेक गोष्ट वर येत होती, मोरी तुंबल्यावर खालचं वर यावं तशी. भागवतच्या घरी तिला दर वेळी कागदी कपात चहा मिळायचा. पाहुण्यांसाठी मुद्दाम आणतात, असं तिला वाटायचं. घरी येऊन तिने आयुषला कौतुकाने सांगितलंही होतं. सुमनबाई कोमलला लाडू द्यायच्या, आणि तो हातावर ठेवायच्या नाहीत. वरून सोडायच्या. “झेल बरं बाहुले, झेल,” म्हणायच्या. कोमल ओंजळ करून नाचायची, हसायची. घरी आली की तो खेळ ती आजीबरोबर खेळायची, शेंगदाणे घेऊन. “आजी, वरून टाक.” आणि जनकाबाई टाकायच्या.

सपना मोरीच्या काठावर वाकली. जेवलेलं सगळं निघालं.

मग तोंड धुऊन ती पुन्हा सतरंजीवर येऊन बसली. चिडून मशीन तसंच ठेवावं हे तिला सुचलंच नाही. सुरू न झालेलं मशीन समोर असताना ती उठू शकत नव्हती. तिने रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. खाच ब्रशने, स्पिरिटने, मग पिनेला गुंडाळलेल्या सुती चिंधीने साफ केली. प्रत्येक चिंधी पिवळी होऊन निघत होती, आणि प्रत्येक चिंधी ती दोन बोटांनी लांब धरून कागदात टाकत होती. दिवेलागणीला तिने बटण दाबलं. पंखा फिरला. एक छोटी बीप झाली, आणि पडदा उजळला.

“झालं?” कोमलने भिंतीपाशी उभं राहून विचारलं. “मी लांब हाय.”

“इकडं ये,” सपना म्हणाली. “जवळ ये, हात लाव त्याला.”

कोमल आली नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती. सपनाने स्कूटीवर पायांपाशी खोकं ठेवलं, कोमलला मागे बसवलं आणि निघाली. सेंटरमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. भागवतने खोकं उचलून टेबलावर ठेवलं. सपनाने मशीन काढलं, वायरी जोडल्या, चालू करून दाखवलं. करता करता ती बघत होती. काल कळलेलं आज जागोजाग दिसत होतं. राउटरच्या पांढऱ्या पाठीवर दोन पिवळे थेंब. सीलबंद आलेल्या मशिनीची टाळू कोरडी, नुसती धूळ. आणि टेबलाच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर, थंड्याची जुनी बाटली; तळाशी गढूळ पिवळं काही, आणि झाकणाला सुईने पाडलेली भोकं.

“आली का गं माझी बाहुली,” म्हणत पडद्याआडून सुमनबाई आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, चेहऱ्यावर माया. कागदी कप त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला. “पोरी, घे चहा. उन्हाचं आली. किती हुशार लेक हाय बघ, भागवत. तुला एवढं शिकून जमंना.” मग त्या लाडू आणायला आत गेल्या.

“भागवतभाऊ,” सपना म्हणाली, “फॉल्ट सापडला.”

“काय व्हता?”

तिने जाळीवर बोट ठेवलं. “इथून पाणी पडतं आत. खारं. दर वेळी मी गेल्यावर.”

कसलं पाणी, हे भागवतने विचारलं नाही. त्याची नजर खिडकीच्या कट्ट्याकडे गेली, तिथून पडद्याकडे, आणि खाली आली. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं सपनाला वाटून गेलं.

“आई जुनी हाय, सपनाताई,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “किती सांगावं? मला पटत न्हाई हे काही, तुमाला म्हाईतच हाय. पन घरात रोज कुठं भांडावं.” तो थांबला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला, अडलेला फॉर्म सुटल्यावर उजळायचा तसा. “एक काम करू न. याच्यावर प्लास्टिकचं एखादं कव्हर बसवता येईन का? म्हंजी तिचं बी मन राहील आन मशीन बी टिकंन.”

सपनाला उत्तर येत होतं. ते तोंडातून निघूनही गेलं, “गरम होईल. हवा निघायला जागा पाहिजे.” आणि आपण त्याला उत्तर दिलं याचीच तिला घाण वाटली.

“मंग थोडा उंच पत्रा, दोन बोटं वर…” भागवत बोटांनी माप दाखवत होता.

सपनाने मशीन बंद केलं. चार स्क्रू काढले, पत्रा सरकवला. पर्समधून पेन काढलं. चिठ्ठीवरच्या दुसऱ्या ओळीवर तिने रेघ मारली, मग त्यावरच दुसरी, तिसरी, कागद फाटायला येईपर्यंत. त्याखाली लिहिलं, “११ एप्रिल. रॅमचा स्लॉट खराब. गोमूत्र, वरून शिंपडलेले. दर दुरुस्तीनंतर.” अक्षर तिने नेहमीसारखंच सुटसुटीत ठेवलं.

भागवत तिच्या खांद्यावरून वाचत होता.

“हे कशाला लिवून राहिल्या?”

“पुढच्या मेकॅनिकला कळायला पाहिजे.”

“पुढचा कोन? तुमीच त येनार.”

सपनाने स्क्रू आवळले. तो पहिल्यांदाच हसत नव्हता.

“शाळेचं मी काकाला बोलतो,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “बघू.”

त्या ‘बघू’त वीसच्या वीस कम्प्युटर गेले, टेबल गेलं, खुर्ची गेली, आतून लागणारी कडीही गेली. सपनाने पेन पर्समध्ये ठेवलं. कागदी कपातल्या चहावर साय धरली होती.

“झेल बरं, बाहुले,” सुमनबाई लाडू घेऊन आल्या होत्या. कोमलने दोन्ही हातांची ओंजळ करून वर धरली, डोळे लाडवावर लावून. सपनाने ती ओंजळ आपल्या हातात घेतली आणि मिटवली. लाडू फरशीवर पडला, फुटला.

“अगं बाई,” सुमनबाई म्हणाल्या. “चहा बी घेतला न्हाई पोरीनं.”

“नको,” सपना म्हणाली. तेवढंच.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं आणि हवेत हळदीचा कडवट वास. कोमल मागून तिच्या कमरेला बिलगली होती. तोंड पाठीत खुपसून ती लाडवाचं काहीतरी कुरकुरली, मग गप्प झाली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली,

“आई, ती सू माझी नव्हती ना?”

सपनाने स्कूटी हळू केली. “न्हाई, माझी बाई. तुझी नव्हती.”

“मंग कोनाची?”

“गाईची.”

“गाय तिथं कुठं हाय? लाडूवाल्या आजीनं सांडली?”

“व्हय.”

समोर हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात वळत होता. सपनाने ब्रेक लावला, एक पाय जमिनीवर टेकला. कमरेभोवतीचे दोन छोटे हात विचार करत होते. एक सुटला, स्वतःच्याच मांडीवर, जिथे बोटं उठली होती तिथे गेला.

“मंग त्या आजीला तू काहून न्हाई मारलं?”